खंड्याची चोच आणि खाडीखालचा बोगदा

दोस्तांनो, आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी कुठून कुठे धावली, असं विचारलं की आमच्या बाळकुमच्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "बोरीबंदर ते ठाणे!" त्यातही 'ठाणे' म्हणताना आवाज जरा जास्तच चढतो. चढणारच! १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी साहिब, सिंध आणि सुलतान अशा ऐटबाज नावांची तीन इंजिनं १४ डबे ओढत आपल्या ठाण्याला आली. डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते. गाडी सुटताना २१ तोफांची सलामी झाली. मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत आपले जगन्नाथ शंकरशेट म्हणजे नाना पुढे होते. अंतर होतं ३४ किलोमीटर. आज लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्या तुमच्या बाबांना त्याचं काहीच वाटणार नाही, पण त्या काळच्या लोकांनी तोंडात बोटं घातली होती.

आता पुन्हा एक नवी गाडी ठाण्यातून जायची आहे. तिला सगळे 'बुलेट ट्रेन' म्हणतात. मुंबई ते अहमदाबाद, ५०८ किलोमीटरचा मार्ग. १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला आपले पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हस्ते तिच्या कामाचा नारळ फुटला. एकूण १२ स्थानकं. त्यांतली आपल्या महाराष्ट्रात चार : मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. ठाण्याचं स्थानक मात्र गावदेवीजवळ किंवा कोपरीत शोधू नका हं! ते आहे खाडीपलीकडे, दिव्याजवळच्या म्हातार्डीला. आणि गाड्यांचं घर, म्हणजे त्या रात्री मुक्कामाला जाणार, धुवायला-पुसायला जाणार, तो मोठा डेपो होतोय भिवंडी तालुक्यातल्या अंजूर आणि भरोडी या गावांच्या जमिनीवर. बाळकुम नाक्यावरून काशेळीचा पूल ओलांडला, काल्हेर मागे टाकलं, की अंजूरफाटा. म्हणजे आपला शेजारच की! (हे अंजूर म्हणजे वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांना मदत करणाऱ्या गंगाजी नाईकांचं अंजूर, बरं का. इतिहासाच्या पेपरात उपयोगी पडेल.)

ही गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणार आहे. आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून आम्ही वर्गात हिशेब केला. ताशी ३२० म्हणजे एका सेकंदात जवळजवळ ८९ मीटर. कबड्डीचं मोठ्यांचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे तुम्ही एकदा 'कबड्डी' म्हणेपर्यंत गाडी जवळजवळ सात मैदानं पार करून गेलेली असेल!

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मोठ्ठं इंजिन बसवलं की झालं. तिथेच तर गंमत आहे. जोरात पळवणारी मोटर बनवणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी डोकेदुखी तीन गोष्टींची : वारा, आवाज आणि थांबणं.

पण त्याआधी रुळांचं बघू. जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका अशी जगातली पहिली बुलेट ट्रेन सुरू केली. वेग होता ताशी २१० किलोमीटर. जपानी लोक तिला 'शिंकान्सेन' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ 'गोळी' असा मुळीच नाही! त्याचा अर्थ 'नवा मुख्य मार्ग'. मला हे नाव फार आवडतं. कारण खरी युक्ती गाडीपेक्षा मार्गात होती. जुने रूळ अरुंद, वळणावळणाचे, मालगाड्यांनी आणि साध्या गाड्यांनी गच्च भरलेले. जपान्यांनी ठरवलं, या गाडीसाठी रूळ वेगळे, रुंदी वेगळी, वळणं अगदी पसरट, आणि वाटेत एकही फाटक नाही. आपल्याकडेही तसंच होतंय. आपल्या लोकलचे रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटरवर असतात, बुलेट ट्रेनचे १४३५ मिलिमीटरवर. त्यामुळे ही गाडी चुकूनसुद्धा आपल्या ठाणे स्टेशनात घुसू शकणार नाही. तिचा बहुतेक मार्ग खांबांवर उचललेला आहे. कळवा-मुंब्र्याकडे माणसं घाईघाईत रूळ ओलांडतात आणि काय काय होतं ते तुम्ही ऐकलेलं असतंच. या मार्गावर माणूस रुळापर्यंत पोहोचायलाच नको, अशी ही व्यवस्था.

आता वाऱ्याकडे वळू.

सायकलचा पंप आठवा. दांडा दाबला की आतली हवा पुढे ढकलली जाते आणि तोंडातून फस्सकन बाहेर येते. वेगात बोगद्यात शिरणारी गाडी म्हणजे असाच एक दांडा. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरते तेव्हा कानांवर धप्पकन दाब येतो ना? आपली गाडी त्या मानाने सावकाश असते. जपानमध्ये गाड्यांचा वेग वाढत गेला तसा हवेचा हा दाब इतका वाढला, की गाडी बोगद्याच्या एका तोंडात शिरली की दुसऱ्या तोंडातून तोफ उडाल्यासारखा 'धडाम्' आवाज यायचा. गाडी बाहेर यायच्या आधीच! बोगद्याजवळ राहणाऱ्या लोकांची झोपमोड व्हायची. जपानात आवाजाचे नियम फार कडक आहेत, घरांजवळ ७० डेसिबलच्या वर जायचं नाही. त्यामुळे वेग वाढवायचा तर आधी आवाज कमी करायला हवा होता.

हे काम ज्यांच्याकडे होतं ते एजी नाकात्सु नावाचे इंजिनिअर. त्यांना पक्षी बघायचा भारी छंद. त्यांच्या मनात आलं, की हलक्या हवेतून एकदम दाट पाण्यात शिरायचं, तेही फारसं पाणी न उडवता, हे कुणाला जमतं? खंड्याला! आपल्या खाडीच्या काठी विजेच्या तारेवर निळा खंड्या बसलेला तुम्ही पाहिला असेल. मासा दिसला की सूर मारतो, आणि पाण्यावर मोठासा शिंतोडासुद्धा उडत नाही. ती करामत त्याच्या लांब, निमुळत्या चोचीची. नाकात्सु आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगवेगळ्या आकारांची नाकं करून तपासली, आणि सगळ्यांत चांगला ठरलेला आकार खंड्याच्या चोचीच्या अगदी जवळचा निघाला. १९९७ मध्ये अशा १५ मीटर लांब नाकाची गाडी धावू लागली. वेग ताशी ३०० किलोमीटर. आधीच्यापेक्षा वेग १० टक्के वाढला, तरी वीज १५ टक्के कमी लागली आणि हवेचा दाब ३० टक्के घटला.

एवढ्यावर थांबले नाहीत ते. छतावरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा असतो ना, पेंटोग्राफ, तोही वाऱ्यात शिट्टीसारखा वाजायचा. त्यासाठी त्यांनी घुबडाकडे पाहिलं. घुबड रात्री इतकं गुपचूप उडतं, की उंदराला पत्ता लागत नाही. कारण त्याच्या पंखाच्या पिसांच्या कडेला बारीक दाते असतात, ते वाऱ्याचे मोठे भोवरे होऊच देत नाहीत. तसे दाते पेंटोग्राफला केले आणि शिट्टी मंदावली. परीक्षेत दुसऱ्याचं बघून लिहिलं तर बाई रागावतात, पण अशी नक्कल केली तर पूर्ण गुण द्यायला मी तयार आहे.

आता थांबण्याचं. ताशी ३२० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तातडीने ब्रेक लावला, तरी जपानची सध्याची 'ई-५' जातीची गाडी थांबेपर्यंत सुमारे ४ किलोमीटर पुढे जाते. ठाण्याला ब्रेक लावला, तर मुलुंड मागे टाकूनही ती धावतच असेल! म्हणून मोटरमनने समोरचा दिवा बघायचा आणि मग ब्रेक लावायचा, ही पद्धत इथे चालत नाही. पुढे किती वेगाने जायचं हे रुळांमधून थेट गाडीतच कळतं, आणि मोटरमन विसरला तर गाडी स्वतःच वेग कमी करते.

भूकंप झाला तर? जपानात हा प्रश्न रोजचाच. भूकंपात आधी एक हलकी लाट येते, तिच्यामागून धोक्याची जोरदार लाट. पहिली लाट जास्त वेगाने पळते. मग ती आली रे आली, की यंत्राने ओळखायचं, लगेच वीज तोडायची आणि गाडीला ब्रेक लागायचे. मधे मिळतात थोडेच सेकंद, पण तेवढे सेकंद लाखमोलाचे. आपल्या मार्गासाठी अशी २८ यंत्रं ठरली आहेत. त्यांतली सहा मार्गापासून खूप दूर आहेत, आणि त्यांत खेड, रत्नागिरी आणि लातूरही आहे! अहमदाबादला जाणाऱ्या गाडीसाठी लातूरला यंत्र कशाला, असं वाटेल. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्या मोठ्या माणसांना हे विचारा, ते सांगतील.

२००४ साली जपानातल्या निइगाता भागात मोठा भूकंप झाला आणि धावती शिंकान्सेन रुळांवरून घसरली. कुणाचा जीव गेला नाही. १९६४ पासून आजवर टक्कर होऊन किंवा घसरून शिंकान्सेनमधला एकही प्रवासी दगावलेला नाही, हा त्यांचा अभिमानाचा विषय. तरीसुद्धा त्या दिवसानंतर ते गप्प बसले नाहीत. घसरली तरी गाडी रुळाला धरून राहावी म्हणून चाकांजवळ इंग्रजी 'एल' अक्षरासारखी लोखंडी पट्टी बसवू लागले.

आणि आता त्यांची पुढच्या पिढीची गाडी येते आहे, 'ई-१०'. तिच्या आधी २०१९ मध्ये 'आल्फा-एक्स' नावाची नुसत्या चाचण्यांसाठीची गाडी बनवली. तिच्या एका टोकाचं नाक १६ मीटर आणि दुसऱ्या टोकाचं तब्बल २२ मीटर, कारण दोन्ही नाकं एकाच गाडीवर तपासायची होती! ती ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास पळवून पाहिली. त्यातून जे शिकले ते ई-१० मध्ये उतरतंय. मार्च २०२५ मध्ये जपानच्या रेल्वे कंपनीने तिचं रूप जाहीर केलं. गंमत अशी, की तिचा प्रवासाचा वेग जुन्या गाडीएवढाच, ताशी ३२०. वाढलं आहे ते थांबण्याचं बळ. ४ किलोमीटरऐवजी ती सुमारे ३.४ किलोमीटरमध्ये थांबेल. म्हणजे नवी पिढी जास्त पळणारी नाही, लवकर थांबणारी!

ही ई-१० जपान आणि भारत या दोन्ही देशांत साधारण एकाच सुमाराला आणायची असं ठरलं आहे. जपानात ती २०३० च्या आसपास धावेल. तोवर आपणही हात बांधून बसलेलो नाही. २०१९ पासून धावणारी वंदे भारत आपणच चेन्नईच्या कारखान्यात घडवली, तिचा कमाल वेग ताशी १६०. त्याच कारखान्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरच्या सरकारी कारखान्याला, म्हणजे बीईएमएलला, ताशी २८० किलोमीटर वेगासाठी आखलेल्या दोन गाड्या बनवायला दिल्या. प्रत्येकीला आठ डबे.

आता आपल्या खाडीकडे येऊ. मुंबईहून निघालेली गाडी थेट जमिनीखालून येणार, वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा, २१ किलोमीटर. त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून! आपल्या देशात खाडीखालून जाणारा असा बोगदा पहिलाच. पूल का नाही बांधला? कारण खाडीत रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालेलं. त्याला आणि काठच्या तिवरांना धक्का नको म्हणून खालून जायचं ठरलं.

बोगदा एकच, त्यात जायचा आणि यायचा असे दोन रूळ. बहुतेक भाग मोठ्या यंत्राने कोरायचा, त्याच्या फिरत्या तोंडाचा व्यास १३.६ मीटर, म्हणजे चार मजली इमारत! घणसोली ते शिळफाटा हा साधारण ५ किलोमीटरचा तुकडा मात्र जुन्या पद्धतीत नवी भर घालून खोदला. खडकाला भोकं पाडायची, थोडा थोडा सुरुंग उडवायचा, लगेच सिमेंटचा फवारा मारून छत पक्कं करायचं, की पुढे. लवकर काम व्हावं म्हणून घणसोलीला ३९४ मीटरचा एक आडवाटेचा बोगदा आधी खणला, आणि त्यातून आत शिरून दोन्ही बाजूंना खोदाई केली. एकीकडून घणसोलीची माणसं, एकीकडून शिळफाट्याची. २० सप्टेंबर २०२५ रोजी मधला शेवटचा खडक फुटला आणि दोन्ही बाजूंची वाट एक झाली. अंधारात किलोमीटर किलोमीटर खोदत यायचं आणि नेमकं समोरासमोर भेटायचं, याला भूमितीच लागते. ("बाई, भूमितीचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) शिळफाट्याजवळ पारसिकच्या डोंगराखाली तर हा बोगदा ११४ मीटर खोल आहे. आपला जुना पारसिक बोगदा १९१६ चा. शंभरहून जास्त वर्षांनी त्याच डोंगरात त्याचा धाकटा भाऊ आला म्हणायचा.

खाडी वाचली, पण सगळं वाचलं असं नाही. आपल्याकडच्या आगरी-कोळी घरांतल्या मुलांना खाजण म्हणजे काय हे मी सांगायला नको. तिवरांच्या मुळांत कोळंबी वाढते, चिखलात निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्यांची बिळं असतात. भरतीचं पाणी गावात शिरायच्या आधी तिवरं त्याचा जोर मोडतात. या मार्गासाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली बरीच तिवरं तोडावी लागणार होती. ओरड झाली. मग ठाणे स्थानकाचा आराखडा बदलून आकडा खाली आणला. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे २२ हजार तिवरं तोडायला परवानगी दिली, आणि तोडलेल्याच्या पाचपट लावायचं ठरलं. पाचपट ऐकून बरं वाटतं. पण रोप म्हणजे खाजण नव्हे, असं माझं मत आहे. खाजण तयार व्हायला वर्षानुवर्षं भरती-ओहोटी लागते, आणि लावलेली रोपं जगली का, हे दरवर्षी जाऊन कुणीतरी मोजायला हवं.

जमिनीचंही तसंच. दिवा, म्हातार्डी, भिवंडीकडच्या भातशेतीतून हा मार्ग जातो. अनेक शेतकऱ्यांनी विरोध केला, मोजणीला आलेल्या माणसांना परत पाठवलं, पैसे किती आणि कसे यावर वर्षानुवर्षं वाद चालले. गुजरातेत खांब उभे राहिले तरी आपल्याकडे काम अडलेलं होतं ते मुख्यतः यामुळे. संपूर्ण मार्गाची सगळी जमीन, जवळजवळ १३९० हेक्टर, ताब्यात आली ती जानेवारी २०२४ मध्ये. एकट्या अंजूर-भरोडीच्या डेपोला सुमारे ५५ हेक्टर लागली. पैसे मिळाले तरी पिढ्यान्‌पिढ्यांचं शेत एकदाच विकता येतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोळी असं शेत गेलं. ती म्हणाली, "बाई, आजोबांनी नवीन घर बांधलं, पण सकाळी उठून कुठे जायचं तेच त्यांना कळत नाही." यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आणि खर्च? सुरुवातीचा अंदाजच १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता, पुढे तो बराच वाढला. सुरुवातीच्या ठरावात त्यातले ८१ टक्के जपानकडून कर्ज, व्याज अगदी नाममात्र, वर्षाला ०.१ टक्का, आणि फेडायला ५० वर्षं. म्हणजे शेवटचा हप्ता जाईल तेव्हा तुम्हीसुद्धा आजी-आजोबा झालेले असाल!

रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे गुजरातमधला पहिला टप्पा २०२७ मध्ये, ठाण्यापर्यंतचा २०२८ मध्ये आणि मुंबईपर्यंतचा २०२९ मध्ये सुरू व्हायचा आहे. मोजक्याच स्थानकांवर थांबणारी गाडी मुंबईहून अहमदाबादला २ तास ७ मिनिटांत पोहोचेल. मात्र बाळकुमच्या माणसाला ती पकडायची तर कळवा, मुंब्रा असा वळसा घेत म्हातार्डी गाठायला हवी. त्या रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी पाहता, गाडीतल्या वेळाएवढाच वेळ गाडीपर्यंत जायला लागू नये म्हणजे मिळवली! तिथले रस्ते आणि बस यांचंही काम गाडीइतक्याच तातडीने झालं पाहिजे.

अंजूर-भरोडीच्या डेपोत गाड्या रात्री येतील. चाकं तपासायची, घासून गोल करायची, नाकावर चिकटलेली माशी-चिलटं धुवून काढायची, तारा आणि ब्रेक पाहायचे, आणि पहाटे पुन्हा रवाना. ही सगळी कामं शिकलेल्या हातांची. त्यासाठी बडोद्याला खास शिक्षणसंस्था आहे, आणि रूळ बसवायला शिकवायला जपानचे जाणकार आलेले आहेत. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा करायचा विचार असलेल्या ताई-दादांनी फिटर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स या शाखांची चौकशी आत्तापासून करून ठेवावी. ज्यांच्या शेतावर तो डेपो उभा राहतो आहे, त्या घरांतल्या मुलांना तिथे हातात पाना मिळणार की नुसता गेटवरचा दंडुका, हे मात्र गावकऱ्यांनी आजच विचारायला हवं.